तिळूच्या काचपेटीचं तापमान : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

सकाळी सहाला पेटीतला दिवा लावायला गेले, तर माझी पाळीव पाल तिळू पाण्याच्या वाटीला बिलगून पडलेली. पोट जमिनीला सपाट टेकलेलं, चारही पाय पसरलेले. त्या कोपऱ्यात ती कधीच झोपत नाही. दुसऱ्या टोकाच्या उबदार बिळातल्या फरशीवर हात ठेवला, तर फार वेळ ठेववेना. थर्मामीटर टेकवला. ४३.६ अंश.

कारण सापडायला दोन मिनिटं पुरली. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान बघून वीज चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा, सेन्सर सक्शन कपने काचेला चिकटवलेला होता. रात्री कधीतरी कप सुटला, वायरच्या वजनाने सेन्सर मागच्या भोकातून बाहेर ओढला गेला आणि भिंतीलगत लोंबकळत राहिला. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर २२.४ दिसत होतं. ते खोलीचं तापमान. पेटी गार आहे असं समजून तो रात्रभर तळाखालच्या हीट मॅटला, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, वीज देत राहिला. यंत्र बिघडलं नव्हतं. नेमून दिलेलं काम त्याने चोख केलं, फक्त भलत्या जागेचं तापमान मोजून.

तिळू वाचली ती पेटी लांब आहे म्हणून. पेटी ९० सेंटिमीटर लांब, मॅट एका टोकाला आणि तीही जेमतेम एक तृतीयांश तळाखाली. दुसऱ्या टोकाला तिच्यासाठी २६ अंशांची जागा उरली होती. मॅट सगळ्या तळाखाली असती तर काय झालं असतं ते लिहवत नाही.

मॅटचा प्लग काढलाय. आता नियंत्रक मीच बांधणार.

१० नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी तिला पारदर्शक डब्यात ठेवून खालून टॉर्च मारला आणि पोटाची कातडी बोटाएवढ्या अंतरावरून तपासली. लाली नाही, फोड नाही. पण म्हणाले, "आठवडाभर रोज बघत राहा. सरपटणाऱ्या प्राण्यांची भाजल्याची जखम कधी कधी उशिरा दिसते. आणि खालून चटका बसत असला तरी ते आपल्यासारखे झटकन उठून जातीलच असं धरून चालू नका." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तिळू म्हणजे लेपर्ड गेको. अंगभर तिळांसारखे ठिपके, जाड शेपटी आणि उघडझाप करणाऱ्या पापण्या. बहुतेक गेकोंना अशा पापण्या नसतात. अंगात स्वतःची पुरेशी ऊब तयार होत नाही, त्यामुळे अन्न पचवण्यापासून रोगाशी झगडण्यापर्यंत सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. निसर्गात ती संध्याकाळी बाहेर पडते आणि दिवसभर तापलेल्या दगडावर पोट टेकून ऊब घेते. म्हणून माझ्यासाठी हवेच्या तापमानापेक्षा जमिनीचं तापमान महत्त्वाचं.

डॉक्टरांशी बोलून आकडे ठरवले. उबदार बिळात फरशीचा पृष्ठभाग ३२ ते ३३. थंड टोक २४ ते २५. रात्री सगळं उतरून २१ वर आलं तरी चालेल. ३५ च्या वर काहीही, कधीही नको. हे आकडे फक्त तिच्या जातीचे आहेत. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खायच्या जागी ४० च्या आसपास लागतात, तर क्रेस्टेड गेकोला २८ च्या वर त्रास होऊ लागतो. "सरड्याला किती तापमान लागतं?" असं कुणी विचारलं तर आधी जात विचारायला हवी.

१३ नोव्हेंबर

बांधायच्या आधी मोजायला शिकणं भाग होतं. घरात चार थर्मामीटर, चौघांचे आकडे वेगळे. एकाच जागी ठेवले तरी २.८ अंशांचा फरक. इथे ३३ बरं आणि ३६ वाईट, त्यामुळे २.८ म्हणजे खूप झाले.

डीएस१८बी२० जातीचे तीन सेन्सर घेतलेत. स्टीलच्या नळीत बंद केलेले, पाणी लागलं तरी चालणारे. कारखान्याची हमी अधिक-उणे ०.५ अंशाची. ती तपासायला पेलाभर बर्फ बारीक कुटला, भिजेल इतकंच पाणी घातलं आणि तिन्ही नळ्या त्यात खोचून ढवळत बसले. बर्फ वितळत असेपर्यंत त्या मिश्रणाचं तापमान शून्यावरच राहतं, दुसरं काही लागत नाही. दहा मिनिटांनी तिघांचे आकडे ०.२५, ०.१९ आणि −०.३१. नळ्यांवर लाल, पिवळा, निळा धागा बांधला आणि प्रत्येकाची दुरुस्ती लिहून ठेवली.

लांबूनच पृष्ठभागाचं तापमान वाचणाऱ्या इन्फ्रारेड गनने मात्र फसवलं होतं. गेले सहा महिने मी बाहेर उभी राहून काचेतून फरशीवर नेम धरत होते. आज तेच केलं, आकडा २५.१. सरकतं दार उघडून त्याच फरशीवर त्याच अंतरावरून पुन्हा दाबलं, तर ३२.८. आपल्याला काच आरपार दिसते, पण या गनला लागणाऱ्या लांब लहरींच्या अवरक्त किरणांसाठी ती भिंतच असते. सहा महिने मी काचेचं तापमान वाचत होते. चकचकीत धातूवरही गन फसते. पेटीच्या कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीने २३ दाखवलं. तिच्यावर काळी चिकटपट्टी लावून मोजलं, तर २९.

१६ नोव्हेंबर

सामान जमलं. ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा कॉम्प्युटर), तीन सेन्सर, ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर, बझर, छोटा पडदा. मॅट तीच जुनी, तपासून घेतली, निर्दोष आहे. वरून लावायच्या सिरॅमिक हीटरचाही विचार केला होता. पण त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो, चिनीमातीचं होल्डर आणि जाळी लागते, आणि तिळू मिळेल त्यावर चढायला बघते. नको.

सेन्सर कुठे बसवायचे यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ठरलं ते असं : लाल सेन्सर पेटीच्या आत, तळाच्या काचेवर, स्लेटच्या फरशीखाली. पिवळा पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या मधे. निळा थंड टोकाला, तिळूच्या डोक्याच्या उंचीवर. लाल सेन्सर मत्स्यालयाच्या सिलिकॉनने कायमचा बसवायचा. सक्शन कप आता या घरात नको, आणि पेटीच्या आत चिकटपट्टी तर कधीच नको. कड सुटली की ती पालीच्या नाजूक कातडीला चिकटते आणि सोडवताना साल निघते.

१८ नोव्हेंबर

मुख्य विजेचं काम मी एकटीने करणार नव्हते. शेजारचे काका आयुष्यभर वायरिंग करत आलेत, त्यांना बोलावलं. कागदावरची आकृती त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, हा रिले चिकटला तर?"

मला कळलं नाही. मग त्यांनी खिशातून एक जुना, उघडलेला रिले, म्हणजे आतल्या कॉइलला वीज मिळाली की संपर्क जोडणारा स्विच, काढला. दोन बारीक बटणांसारखे संपर्क, एकमेकांना वितळून जोडले गेलेले. "कॉइल बंद आहे. पण वीज चालूच. तुमचा कॉम्प्युटर कितीही ओरडला तरी ऐकणार कोण?" विचारलं, हलणारे संपर्क नसलेला सॉलिड स्टेट रिले घेतला तर? म्हणाले, तो तर बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. म्हणजे मरतानाही चालूच.

मी आतापर्यंत यंत्र कसं चालेल एवढाच विचार करत होते. काकांनी ते कसं मरेल हे विचारलं. आकृती फाडली आणि दोघांनी मिळून नवी काढली.

फेजच्या वायरवर आता एकापाठोपाठ तीन दारं. पहिलं सॉलिड स्टेट रिले : रोजचं चालू-बंद त्याचं. दुसरं साधा रिले, जो फक्त संकटात सुटणार. त्याच्या कॉइलला वीज असेल तरच तो जोडलेला राहतो, त्यामुळे बोर्ड मेला की तो आपोआप सुटतो. रोजच्या कामाला साधा रिले का नको, याचा हिशेब काकांनी तोंडी केला. अशा रिलेचं आयुष्य पूर्ण भारावर साधारण १,००,००० वेळा चालू-बंद. मिनिटाला एकदा म्हटलं तर दिवसाला १,४४० वेळा, म्हणजे सत्तर दिवसही पुरे होत नाहीत. भार हलका असला तर जास्त टिकतो, पण तिळूच्या जिवावर ते कशाला अजमावायचं?

तिसरं दार मला सगळ्यात आवडलं. के-एस-डी ३०१, नखाएवढी दोन धातूंची चकती, ४५ अंशांना संपर्क तोडणारी. तिला प्रोग्रॅम लागत नाही, बोर्ड लागत नाही. दोन धातू तापल्यावर कमीजास्त फुगतात, चकती वाकते आणि संपर्क तुटतो. ही युक्ती जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात समुद्रावरच्या घड्याळासाठी काढली, तापमान बदललं तरी घड्याळाची चाल बिघडू नये म्हणून. आम्ही चकती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवली, मल्टीमीटर बीपवर लावला (संपर्क जोडलेला असेपर्यंत तो वाजतो) आणि थोडं थोडं गरम पाणी ओतत गेलो. ४०, बीप. ४२, बीप. ४४.३ ला पाण्यातून बारीकसा "टिक" ऐकू आला आणि बीप थांबला. पाणी गार होऊ दिलं, बऱ्याच खाली पुन्हा "टिक", बीप सुरू. असं पाच वेळा केलं. पाचही वेळा ४४ ते ४५ च्या मधेच.

काकांनी जोडण्या बंद डब्यात घातल्या, वायर डब्याला क्लॅम्पने आवळली आणि सगळ्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. पेटीत पाण्याची वाटी असते, तो हवाच.

२२ नोव्हेंबर

पहिला प्रोग्रॅम अगदी साधा. ३३ च्या खाली चालू, ३३.५ ला बंद. रिकाम्या पेटीवर चालवला. मॅट ३३.५ ला बरोबर बंद झाली आणि तरी काच ३५.३ पर्यंत चढली. मॅट, काच आणि स्लेट यांच्यात साठलेली ऊब वर यायला वेळ घेते. सेन्सरला ती कळेपर्यंत जास्तीची वीज देऊन झालेली असते. चुलीवरून उतरवलेला तवा तापलेलाच राहतो, तसं.

म्हणून आता प्रमाणात वीज द्यायची. दर मिनिटाचे तुकडे. तापमान खूप कमी असेल तर साठही सेकंद चालू, जवळ येत जाईल तसं चाळीस, वीस, दहा. त्यावर थोडा संचयाचा भाग, म्हणजे बराच वेळ राहून गेलेली किंचित कमी हळूहळू भरून काढायची. रात्री अकरापर्यंत आकडे घोळवले. काच ३३.५ वर धरली की फरशीचा वरचा पृष्ठभाग ३२.५. आता रेषा अधिक-उणे ०.२ मध्ये चाललीय. बघत बसावंसं वाटतं.

२६ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी, कारण आज मुद्दाम सगळं मोडून पाहिलं.

पहिली चाचणी : लाल सेन्सरची वायर उपटली. मला वाटलं प्रोग्रॅम अडखळेल, चूक दाखवेल. तसं काहीच झालं नाही. पडद्यावर −१२७ आणि मॅट साठ सेकंदांतले साठही सेकंद चालू. सेन्सर सापडला नाही की त्याची लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचणारा तयार प्रोग्रॅम, −१२७ हा आकडा परत पाठवते. तो फक्त "सेन्सर नाही" असं सांगणारा खुणेचा आकडा आहे. माझ्या प्रोग्रॅमने तो खरा मानला. एवढी थंडी म्हटल्यावर पूर्ण वीज द्यायला नको? ९ नोव्हेंबरची रात्र मी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून ठेवली होती. थोडा वेळ खुर्चीतून उठवलंच नाही.

याचं दुसरं टोक ८५. सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आत विचारलं तर तो ८५ सांगतो. पूर्ण बारीकीने एक मोजमाप करायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबायला हवं. ८५ ने निदान मॅट बंद तरी होते. पण खोट्या आकड्यावर मिळालेली बरोबर कृती मला नको.

नवा नियम : ५ च्या खालचा आणि ५० च्या वरचा कोणताही आकडा म्हणजे बिघाड. लागोपाठ तीन वेळा आला की दोन्ही रिले बंद, बझर चालू, आणि माणसाने बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचं नाही.

मग खरी चाचणी. ९ तारखेला वायर तुटली नव्हती, आकडाही वेडावाकडा नव्हता. २२.४ हा अगदी समजूतदार आकडा. वरच्या नियमातून तो बिनबोभाट निसटला असता. सेन्सर जिवंत आहे, खरं बोलतोय, फक्त भलत्या जागी आहे, हे यंत्राला कसं कळावं? दोन रात्री यातच गेल्या. शेवटी दोन उपाय निघाले आणि दोन्ही ठेवलेत.

एक, मॅट सलग ३० मिनिटं पूर्ण ताकदीने चालूनही लाल सेन्सर निदान १ अंश चढला नाही, तर थांब. वीज जातेय आणि ऊब दिसत नाही, म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी साठतेय.

दोन, लाल आणि पिवळा यांच्यातल्या अंतरावर नजर. नेहमी पिवळा चारपाच अंश वर असतो, गार पेटी तापताना जास्तीत जास्त ८.५ पाहिलं. १२ च्या पुढे गेलं की थांब.

लाल सेन्सर अजून सिलिकॉनने बसवलेला नव्हता. त्याला तशाच मागच्या भोकातून बाहेर काढलं, भिंतीलगत लोंबू दिलं आणि घड्याळ घेऊन बसले. लाल २२.१. पिवळा २६, २९, ३१, ३३. अकराव्या मिनिटाला ३४.२ आणि "टक". रिले सुटला, बझर ओरडायला लागला. मुलगी धावत आली, "आई, काय जळलं?" काहीच जळलं नव्हतं. मी तिला जवळ घेऊन पडदा दाखवला.

३० नोव्हेंबर

लाल सेन्सर सिलिकॉनने बसवला आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवली. तोवर तिळू तात्पुरत्या डब्यात.

प्रोग्रॅम मुद्दाम गोठवून पाहिला. बोर्ड अडकतो तेव्हा रिलेंना हुकूम देणाऱ्या त्याच्या पिना जशा असतील तशाच राहतात. मॅट चालू असताना अडकला तर चालूच. म्हणून वॉचडॉग : प्रोग्रॅमने ठरावीक वेळात "मी आहे" असं सांगितलं नाही की बोर्ड आपोआप रीसेट. रीसेट होताना पिना क्षणभर अधांतरी असतात, त्यासाठी दोन्ही रिलेंच्या पिनांना १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावून ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टशी, बांधलं. आता कुणाचा हुकूम नसला की अर्थ एकच, बंद.

३ डिसेंबर

तिळू घरी परतली. पोटावर कुठेही डाग नाही. पेटीत सोडल्यावर तिने जीभ बाहेर काढत प्रत्येक कोपरा तपासला, फरशीवर पोचली आणि डोळे मिटले.

५ डिसेंबर

इन्फ्रारेड गनने बिळात फक्त २७.३. पडद्यावर मात्र ३३.५. बिळाचं छप्पर उचललं, तर फरशीवर तीन बोटं माती. मुलीने घातलेली, "तिळूला मऊ लागावं म्हणून."

तिला रागवायचा प्रश्नच नव्हता, कारण यातून एक मोठी गोष्ट दिसली. मातीचा थर गोधडीसारखा वागतो. खालची काच गरम, वरची माती गार. अशा वेळी मोह होतो तो पडद्यावरचा आकडा वाढवायचा : ३६ करू, ३८ करू, म्हणजे वर ३२ मिळतील. मिळतीलही. पण तिळूला उकरायची सवय आहे. रात्री ती ती माती बाजूला सारून ३८ च्या काचेवर पोट टेकून झोपेल. म्हणून आकड्याला हात लावायचा नाही, माती काढायची. मॅटवर सपाट बुडाचा जड दगड ठेवला तरी त्याच्या खाली ऊब अशीच कोंडते.

मुलीने मऊ माती थंड टोकाला रचली. उबदार टोकाला फक्त स्लेट.

१२ डिसेंबर

आठवडाभर मी आणि मुलगी तासातासाला तिळू कुठे आहे ते लिहितोय. पहाटे थंड टोकाला. संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर. रातकिडे खाल्ले की सरळ उबदार बिळात, आणि तिथून तीनचार तास हलत नाही. पचनाला ऊब लागते हे वाचून माहीत होतं, वहीत रकाना भरताना ते डोळ्यांसमोर दिसलं. कात टाकायच्या आदल्या दिवशी ती मधल्या ओलसर बिळात होती.

१९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी वाळवंटातल्या सरड्यांवर हेच दाखवलं होतं. हे प्राणी नशिबाने मिळेल ते तापमान सोसत बसत नाहीत, ऊन-सावलीत ये-जा करून अंगाचं तापमान नेमकं सांभाळतात. म्हणून पेटीत एकच "योग्य" तापमान ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला दोन टोकं हवीत आणि मधली वाट मोकळी हवी. निवड तिची.

१४ डिसेंबर

रात्री वीज गेली, तीन तास. काच ३३.५ वरून २४.८, थंड टोक १९.६. पेटीच्या तीन बाजूंना ब्लँकेट गुंडाळलं, हवेच्या जाळ्या उघड्या ठेवल्या. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवली, आत ठेवली नाही. तिळू बिळात शांत.

वीज आल्यावर मात्र काच ३५.१ ला गेली. गार असतानाची सगळी "कमी" संचयात साठत गेली आणि तापमान गाठल्यावरही तिचा जोर ओसरेना. आता संचयाला मर्यादा घातली आहे, आणि लक्ष्यापासून २ अंशांपेक्षा लांब असेल तर तो मोजायचाच नाही. पुन्हा तासभर वीज बंद ठेवून तपासलं, कमाल ३३.८.

२१ डिसेंबर

पहाटे दोनला बझर. निळ्या सेन्सरच्या जोडणीत ओल गेली होती, ओलसर बिळावर फवारलेलं पाणी वायरीवरून ओघळून. आकडे चुकत आलेले, म्हणून सगळं बंद. जोडणी सुकवून पेटीच्या वर घेतली आणि वायरीला खाली एक वळसा दिला, म्हणजे थेंब वळशावरूनच गळून पडेल. हे सगळं करून पाच वाजता मॅट सुरू केली, तेव्हा काच २५ वर होती.

मुलीने विचारलं, "आई, एवढ्याशा कारणाने बंद पडतं, मग हे चांगलं कसं?" तिला वहीतलं पहिलं पान दाखवलं. २५ अंशांत तिळू एक रात्र नुसती झोपून काढते. ४३ मध्ये ते जमत नाही.

४ जानेवारी २०२६

आज मॅट पूर्ण बंद आणि तरी थंड टोक ३१.४!

ऊन. नोव्हेंबरमध्ये खिडकीतलं ऊन पेटीपासून हातभर अलीकडे थांबायचं. सूर्य खाली उतरत गेला तसं ते खोलीत आत आत येत गेलं आणि आज सकाळी काचेवर पोचलं. चाळीस मिनिटांत थंड टोक ७ अंश वर. ऊन आत येतं, ऊब बाहेर पडत नाही. माझी तिन्ही दारं फक्त मॅट बंद करू शकतात, आणि ती तर बंदच होती. गार करणारं माझ्याकडे काहीच नाही. तिळू तोंड किंचित उघडून दाराच्या काचेशी. ते उघडं तोंड पाहिलं आणि हातातलं सगळं टाकलं.

तिला बाहेर घेतलं, सावलीत डब्यात ठेवलं. अर्ध्या तासात तोंड मिटलेलं, पाणी चाटलं. पेटी आतल्या भिंतीकडे हलवली, जिथे वर्षभर थेट ऊन येत नाही. निळ्या सेन्सरला नवा नियम : २९ च्या वर गेला की बझर, मॅट चालू असो वा नसो. दोन महिने तो सेन्सर मी केवळ माहितीसाठी ठेवला होता. आज तोच सगळ्यात उपयोगी ठरला.

१८ जानेवारी

आज रविवार, चाचणीचा दिवस. पहिली लाल वायर उपटली : तीन सेकंदांत "टक". बोर्डची वीज काढली : "टक". चकती काढून काकांनी पुन्हा गरम पाण्यात बुडवली : ४४.६ ला "टिक". तिन्ही सेन्सर बर्फात बुडवायचे, तर लाल आता सिलिकॉनखाली आहे. म्हणून त्याच्याशेजारी काचेवर पिवळा ठेवून दोघांची तुलना केली, फरक ०.१२.

तिळूचं वजन ६२ ग्रॅम, नोव्हेंबरपेक्षा चार जास्त. काल कात टाकली, बोटांच्या टोकांवर काही अडकून राहिलेलं नाही, दहा-दहादा भिंगातून पाहिलं. रिलेचा आवाज झाला की ती आता बिळातून डोकं बाहेर काढते आणि बझर थांबला की पुन्हा आत जाते.

जुना थर्मोस्टॅट अजून कपाटात होता. चुकून कुणी पुन्हा लावू नये म्हणून त्याची वायर कापून टाकली. पुढची चाचणी १ फेब्रुवारीला. वायर उपटायचं काम मुलगी करणार आहे.